तंगाखालची जखम

घोड्यांचा मला कधी कंटाळा आला नाही. घोडेवाल्यांचा मात्र इतका आला, की नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी घराच्या दाराशी टांगासुद्धा उभा राहू देत नसे. कोपऱ्यावर उतरून चालत यायचो. बायको म्हणायची, पाय दुखतात तर हा हट्ट कशाला? पाय दुखत होतेच. बडोद्याला सरकारी घोड्यांचा डॉक्टर म्हणून जी वर्षं काढली, त्यांतली निम्मी कुणाचा ना कुणाचा खूर मांडीवर घेऊन उकिडवं बसण्यात गेली. उरलेली निम्मी मालकांचं ऐकून घेण्यात गेली, आणि दुखतात ती जास्त करून हीच.

मुंबईला शिकून मी नोकरीला लागलो, तेव्हा बडोद्यात सगळीकडे नवं वारं होतं. शाळा, ग्रंथालयं, नवे कायदे. महाराज परदेश पाहून आलेले, त्यामुळे त्यांचे मानकरीही परदेश पाहून आल्यासारखे बोलत. पागेत मात्र वारं जुनंच. घोडा विकत घ्यायचा तर त्याचे पाय, दात, छाती राहिली बाजूला. आधी अंगावरचे भोवरे बघायचे. केसांचा भोवरा गळ्यावर असला तर शुभ, डोळ्याखाली असला तर घरात रडारड, आणखी कुठे असला तर धन्याचा घात. पागेच्या जुन्या दप्तरात प्रत्येक घोड्याच्या नावापुढे भोवऱ्यांचं भलंमोठं वर्णन आणि खुरांबद्दल एक अक्षर नाही. मी पहिल्याच वर्षी नवे तक्ते छापून घेतले आणि त्यातून भोवऱ्यांचा रकानाच काढून टाकला. एका मानकऱ्यानं भर दावणीत मला भोवरा बघायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "मी घोड्यांचा डॉक्टर आहे, जोशी नाही." ते वाक्य पागेपागेत फिरलं. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

आता त्या घोडीबद्दल सांगतो. एका सरदारांच्या घरची ती काठेवाडी घोडी. अंग तांबूस, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा; अशा जनावराला आपल्याकडे पंचकल्याणी म्हणतात आणि भाग्याचं समजतात. ती नाचायची. ताशा वाजायला लागला की पुढचा एकेक पाय उचलून तालावर ठेवायची, जागच्या जागी फिरायची आणि वाद्य थांबलं की गुडघा टेकून सलाम करायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैदानावर घोड्यांचं प्रदर्शन भरे, त्यात सलग तीन वर्षं पहिली फीत तिच्या गळ्यात पडली होती. तिला तयार केलं होतं सरदारांच्या चाबुकस्वारानं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा मराठा गडी. बाप-आजा त्याच पागेत घोडे शिकवत गेलेले. बायको मेली, मूलबाळ नाही. होतं नव्हतं ते त्या घोडीवर लावलेलं.

तिला एकच खोड होती. दर वर्षी पावसाळा सरत आला, की डाव्या बरगडीवर, खोगिराचा तंग जिथे आवळतात बरोबर तिथे, रुपयाएवढी जखम व्हायची. केस झडायचे, कातडं काळं पडून सोलायचं. पहिल्या वर्षी मी म्हणालो, तंग घासतो. नवा तंग आला. दुसऱ्या वर्षी तंगाला आतून लोकर लावली, तरी जखम झालीच. तिसऱ्या वर्षी मी मोतद्दाराला, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्या माणसाला, सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. सरदारांना तर खात्रीच होती, की प्रदर्शनात हरणाऱ्या दुसऱ्या एका घरानं माणूस फोडलाय. मी कातडीचे कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघितले. किडा नाही, बुरशी नाही. माझ्या डोळ्यांना पाणी यायचं आणि काचेवर नुसता घोडीचा केस दिसायचा.

चौथ्या वर्षी गोष्ट वेगळ्याच वळणाला गेली. जखम तर झालीच, पण तिच्यापासून खाली पोटाकडे गाठींची एक ओळ उठली. फोड, त्याखाली फोड, त्याखाली फोड. ते पाहिलं आणि मी हात मागे घेतला.

घोड्यांचा एक रोग आहे, ग्लँडर्स. अंगावर अशाच ओळीनं गाठी येतात आणि फुटतात. एका घोड्याला झाला की सगळी पागा जाते. आणि तो माणसालाही होतो. माणसाला झाला तर त्याच्यावर तेव्हा औषध नव्हतं. कायदा सरळ होता: असं जनावर गोळी घालून मारायचं आणि चुना टाकून पुरायचं. प्रदर्शनाला पंधरा दिवस उरलेले. जवळच्या गोत्रीपासून थेट काठेवाडापर्यंतचे घोडे गावात यायला लागलेले. मी घोडीला माझ्या दवाखान्यामागच्या वेगळ्या खोलीत बांधलं आणि परीक्षेची लस टोचली. रोग असेल तर टोचलेल्या जागी मोठी सूज यायला हवी, नसेल तर काहीच नको. सूज आली, पण थोडी. 'थोडी' याला पुस्तकात उत्तर नव्हतं.

चार दिवस मी 'थोडी' या शब्दाशी भांडत होतो. शेवटी शनिवारी घोडी मारण्याचा हुकूम लिहिला, सोमवारची सकाळ ठरवली आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला. सही रविवारी करू म्हणालो. चाबुकस्वाराला काही सांगितलं नाही. तो रोज येई, गुळाचा खडा घेऊन. त्याला मी आत सोडू नये, हे मला कळत होतं. पण तो दाराशी असा उभा राही की नाही म्हणायलाही अंगात बळ लागे, आणि ते माझ्यात उरलं नव्हतं. दोनदा तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, एक वात करायची होती, जरा बोलायचं होतं." दोन्ही वेळा मी मान वर न करता म्हणालो, "आत्ता नको."

त्याच शनिवारी दुपारी माझ्या उजव्या मनगटावर खाज सुटली. संध्याकाळपर्यंत तिथे लाल चट्टा, रविवारी सकाळी फोड. एकाखाली एक, कोपराच्या दिशेनं.

मी घाबरलो. नुसता घाबरलो नाही, लाचार झालो. माझ्या वरच्या वर्गात शिकलेल्या एका साहेबाचा याच रोगानं कसा शेवट झाला, हे वर्गात ऐकलं होतं. मी सदऱ्याची बाही खाली ओढून बटण लावलं. माझं ताट-वाटी वेगळी ठेवायला सांगितली, पाण्याचा तांब्या वेगळा घेतला, ओसरीवर बसून राहिलो. कारण कुणाला सांगितलं नाही. बायकोला वाटलं मी कशावरून तरी रागावलोय, आणि माझा एकंदर स्वभाव पाहता तिचं चुकलं नव्हतं. दुपारी ती जेवायला वाढायला आली तेव्हा मी हात मागे घेतला, बाही वर सरकली, आणि तिनं माझं मनगट धरलं.

"सोड," मी ओरडलो. "हात लावू नकोस!"

तिनं सोडलं नाही. उजेडाकडे हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अहो, बिब्बा उतलाय हा. कुठे हात घातलात?"

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"असे काय बघता? माझ्या आईच्या टाचेत काटा मोडला होता तेव्हा तिला बिब्ब्याचा चटका दिला होता, तर दुसऱ्या दिवशी पायभर असेच फोड. आमच्या आत्याला नुसता वास सोसत नाही. इतकं शिकून एवढं कळू नये?" आणि ती ओलं खोबरं वाटायला आत गेली.

मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही आवरून मी तसाच पानावरून उठलो. बिब्बा! कपड्यांवर धोबी ज्यानं खुणा करतात आणि मांडवीच्या बाजारात कुठल्याही गांध्याकडे, म्हणजे झाडपाल्याची औषधं विकणाऱ्याकडे, जो मूठभर मिळतो, तो बिब्बा. त्याचं तेल कातडीला लागलं की कातडी जळते. घामाबरोबर खाली ओघळलं की ओघळाच्या वाटेवर फोड येतात. म्हणजे गाठींची ओळ रोगाची नव्हती, ओघळाची होती. आणि माझ्या हाताला ते शुक्रवारी गाठी तपासताना लागलं, म्हणजे घोडी माझ्या कुलपात असतानाच कुणीतरी ते तिला पुन्हा लावलं होतं. माझ्या कुलपात फक्त एक माणूस जात होता.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा चाबुकस्वार खोलीबाहेरच बसला होता, घोडीचा साज पुसत. मी जवळ जाऊन त्याचा उजवा हात उलटा केला. अंगठा आणि पहिली दोन बोटं काळी.

"का?" मी विचारलं. "तीन वर्षं मला मूर्ख बनवलंस. त्या मोतद्दाराला मी सगळ्यांदेखत नको ते बोललो. का?"

तो उठला नाही. खालूनच म्हणाला, "भोवरा आहे साहेब तिथे. बराबर तंगाखाली."

मग त्यानं सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी सरदारांनी त्याला काठेवाडात घोडी निवडायला पाठवलं होतं. एका गावात वाटेवरून वरात जात होती, आणि आईच्या मागे चालणारं एक शिंगरू ढोलावर पाय उचलून ठेवायला लागलं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मालक म्हणाला, न्यायचं तर ने, पण तंगाखाली भोवरा आहे. असं जनावर धन्याला आसनावर राहू देत नाही म्हणतात, आमच्याकडे कुणी घेत नाही. "मी दोन दिवस त्या गावातून निघालोच नाही, साहेब. तिसऱ्या दिवशी बिब्बा घेतला." तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या आधी तो केस जाळत आला होता, कारण दसऱ्याला सरदारांच्या घरचे भटजी घोड्यांची पूजा करत आणि अंगावरून हात फिरवत. येत्या आठवड्यात सरदार पाहुण्यांना घेऊन घोडी बघायला येणार होते आणि केसांची लव उगवायला लागली होती. म्हणून त्यानं पुन्हा लावला.

"उद्या सकाळी मी तिला गोळी घालणार होतो," मी म्हणालो.

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या हातातला साज खाली पडला. नंतर म्हणाला, "मी सांगायलाच आलो होतो. दोन वेळा. पण भोवऱ्याचं नाव काढलं की साहेब हाकलतात, सगळे म्हणतात."

मी खणातला हुकूम फाडला. त्याला शपथ घातली, की यापुढे बिब्ब्याला हात लावायचा नाही. तो हात जोडून म्हणाला, "सारू, साहेब, नाही लावणार. तुम्ही फक्त तंग लागला एवढं लिहा. केस वाढले की मी झूल नीट घालीन, भटजींच्या वेळी मीच डाव्या अंगाला उभा राहीन. भोवरा कुणाला कळला नाही म्हणजे बस. ती गेली तर मला आता राहतं काय?"

आता मी जे केलं ते सांगतो. मला खोटं लिहायचं नव्हतं, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं. मला जिंकायचं होतं. वाटलं, हीच संधी आहे. सरदार शिकलेले, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांना मी सरळ भोवरा दाखवीन, ते हसतील, घोडी भोवऱ्यासकट प्रदर्शनात चालेल आणि या गावातलं हे खूळ एकदाचं संपेल. चाबुकस्वार म्हणाला, "नका साहेब." मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस, माझ्यावर सोड." बिब्ब्याबद्दल मी सरदारांना अवाक्षर सांगितलं नाही, एवढं मात्र पाळलं. जखम तंगाची आणि गाठी औषध ओघळल्याच्या, असं मोघम सांगितलं. म्हणजे खोटं बोललोच. नको तिथे खरं बोललो, इतकंच.

आठवड्यानं जखम भरल्यावर मी सरदारांना ती जागा दाखवली, तेव्हा ते हसले, अगदी मला हवे तसे. "भोवरा! डॉक्टर, आपण कुठल्या जमान्यात आहोत?" म्हणाले. स्वतः वाकून त्यांनी ती जागा पाहिली. लव नुकती उगवत होती, पण फिरलेले केस दिसत होते. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, पुसल्यासारखं ते बोट रुमालाला लावलं, आणि मला चहा पाजला.

प्रदर्शनात घोडी अशी नाचली की ताशेवाले थकले. पहिली फीत तिलाच मिळाली. चाबुकस्वारानं गर्दीतून माझ्याकडे पाहिलं आणि पागोट्याला हात लावला. मी मनात म्हणालो, बघ. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या स्वारीत दर वर्षी सरदार तिच्यावर बसत. त्या वर्षी ते बग्गीत बसले. पाठ धरलीय म्हणाले. घोडी रिकाम्या खोगिरानं बग्गीमागून चालली. मला ते दिसलं, आणि खरंच पाठ धरली असेल असं मी धरून चाललो.

पंधरा दिवसांत घोडी विकली. जवळच्या पादरा गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याला, गाडीला जुंपायला. मी सरदारांकडे गेलो. रागानं गेलो होतो, पण त्यांनी मला रागावू दिलं नाही. खुर्ची दिली, पान दिलं.

"मी स्वतः यातलं काही मानत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "पण एकदा कळलं की कळलं. रिकिबीत पाय ठेवला की तेच आठवणार. तुम्ही सांगितलं नसतंत तर जन्मभर बसलो असतो तिच्यावर."

मी पान तोंडात न घालताच बाहेर पडलो. त्यांच्यावर राग धरायचा तर होता, पण तो धरायला जागा सापडेना. माणूस खरं बोलला होता.

महिन्यानं भर दुपारी चाबुकस्वार माझ्या घरी आला. त्यानं नोकरी सोडली होती. ओसरीच्या पायरीवर बसला, वर बस म्हटलं तरी बसला नाही. मी त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायची तयारी करून बसलो होतो, आणि ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो मला एका शब्दानं बोलला नाही.

"साहेब, एक कागद पाहिजे," तो म्हणाला. "पादऱ्याला जाऊन आलो. चांगले लोक आहेत, चंदी-दाणा देतात. पण आता लग्नं सुरू झाली. वरातीचा ढोल वाजला की ती गाडीसकट उभी राहते आणि नाचायला लागते. काल मारली तिला. त्यांना वाटतं अडेल आहे. मी सांगून बघितलं, तर म्हणतात तू कोण? तुम्ही डॉक्टर, तुमचं ऐकतील. हा रोग आहे असं लिहून द्या."

मी आत जाऊन सरकारी कागद आणला. पादऱ्याच्या लोकांना वाचता यावं म्हणून गुजरातीत लिहिलं. या घोडीला मज्जातंतूंचा विकार असून वाद्याचा आवाज कानी पडताच तिचे पाय आपोआप हलू लागतात. अशा वेळी गाडी थांबवावी. चाबूक मारल्यास विकार बळावून जनावर दगावण्याचा संभव आहे. नोकरीत मी एवढं धादांत खोटं कधी लिहिलं नव्हतं, आणि इतक्या सुवाच्य अक्षरातही कधी लिहिलं नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज थांबेपर्यंत तिला उभी राहू द्यावी, असं शेवटी होतं.

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "आवाज थांबेपर्यंत नका लिहू, साहेब. आवाज थांबल्यावर ती सलाम करते. तेव्हाच हे लोक गाडी ओढतात, आणि ती गुडघ्यावर पडते."

मी ते वाक्य खोडलं. वाद्य थांबल्यावर ती एकदा गुडघा टेकते, तेवढं होऊ द्यावं, असं लिहिलं आणि सही करून शिक्का मारला.